खडूने काढलेली गाडी

नरसिंहरावांना मॅनेजरची खुर्ची मिळाली, ती त्यांचं कुणाशीच भांडण नव्हतं म्हणून. बेंगळुरात शिवाजीनगरच्या बाजारामागे विश्वासरावांचा बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. मद्रासहून नुसता सांगाडा यायचा. इंजिन, चार चाकं आणि पुढे लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून तो हाकत आणणारा ड्रायव्हर. मग त्यावर सागवानाची चौकट चढायची, चौकटीवर पत्रा, आत बाकं, बाहेर रंग, आणि एक दिवस फाटकातून नवीकोरी बस हॉर्न वाजवत बाहेर पडायची. नरसिंहराव तिथे वर्षानुवर्षं स्टोअर सांभाळत होते. खिळे, रिबिटा, रंगाचे डबे मागायला आलेला प्रत्येक माणूस खुशीत परत जायचा, कारण मागेल त्याला ते आधी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायचे आणि वस्तू शिल्लक आहे की नाही ते मग बघायचे.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि 'सरी' हा शब्द दोन्हीकडे. त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई म्हणायच्या, "झोपेतसुद्धा सरी सरी करता तुम्ही. निदान स्वप्नात तरी कुणाला नाही म्हणा हो!"

जुने मॅनेजर म्हैसूरला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा विश्वासरावांनी फार विचार केला नाही. ज्याला सगळे 'अण्णा' म्हणतात तो माणूस बरा, असं म्हणून त्यांनी नरसिंहरावांना स्टोअरमधून उठवून काचेच्या केबिनमध्ये बसवलं. पहिले काही महिने छान गेले. सगळ्या बसगाड्या एकासारख्या एक. काय करायचं ते हातांना पाठ होतं, डोक्याला काम नव्हतं, त्यामुळे कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यावर आपटत नव्हतं.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात मात्र एक वेगळंच काम आलं. एका धर्मादाय ट्रस्टला खेड्यापाड्यांतून फिरणारा डोळ्यांचा दवाखाना हवा होता. ट्रस्टच्या डॉक्टर अहल्याबाई स्वतः येऊन बोलून गेल्या. "डोळे तपासायला एक अंधारी खोली हवी, औषधांची कपाटं हवीत, आणि बाहेर उन्हात ताटकळणाऱ्या माणसांची काही सोय. बाकी तुम्ही ठरवा," असं म्हणून त्या मोटारीत बसून गेल्यासुद्धा.

'तुम्ही ठरवा' हे शब्द त्या कारखान्यात पहिल्यांदाच कुणी उच्चारले होते.

ठरवायला बसली तीन माणसं, आणि तिघांची तऱ्हा तीन. पहिला देवाप्पा मेस्त्री. खानापूरकडचा, रुंद खांद्यांचा, सुतारकामात अख्ख्या शिवाजीनगरात नाव असलेला. नवी गोष्ट कानावर पडली की तो आधी मान आडवी हलवायचा आणि नंतर ऐकायचा. कुठलीही वस्तू बघताना ती कुठून मोडेल, हे त्याला आधी दिसायचं. दुसरा मधुकर. पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेला, के. आर. पुरमला मामांकडे राहणारा. सकाळच्या रेल्वेने यायचा, आणि गाडीतून उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात एक ताजी कल्पना तयार असायची. कालच्या कल्पनेचं काय झालं, हे विचारलेलं त्याला आवडायचं नाही. आणि तिसरी गंगव्वा. अथणीकडची, पन्नाशीची, शिलाईच्या यंत्रावर बसून गाद्या शिवणारी. ती फारसं बोलत नसे. पण हातात कुठलंही काम घेतलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "हितं बसणार कोण?"

पहिल्याच आठवड्यात मधुकर केबिनमध्ये उत्साहाने धापा टाकत आला.

"नरसिंहराव, गाडीची एक अख्खी भिंतच वर उचलली जाईल अशी करू या. खाली बिजागऱ्या नाहीत, वर. भिंत उचलली की तिचंच छप्पर होईल. खाली पंचवीस माणसं सावलीत बसतील!"

नरसिंहरावांच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं आणि त्यांना मनापासून आवडलं. "सरी," ते म्हणाले. "फारच छान."

दुपारी जेवणानंतर देवाप्पा आला. दारातच उभा राहिला.

"अण्णा, त्यो इंजनेर भिंत कापतो म्हणतोय. हे हुनार न्हाई. भिंतीतलं खांब कापलं की गाडी पार खिळखिळी. एक खड्डा लागला की बसलीच म्हणायची."

नरसिंहरावांना तेही पटलं. खांब कापले की चौकट कमजोर होणार, हे तर उघडच होतं. "सरी, मेस्त्री," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच."

दोघंही समाधानाने परत गेले. नरसिंहरावांनीही सुपारी कातरत स्वतःशी म्हटलं, की माणसं सांभाळणं लोक म्हणतात तेवढं अवघड नाही.

पुढचे काही दिवस हेच चाललं. सकाळी मधुकरला होकार, दुपारी देवाप्पाला होकार. गंगव्वा एकदा विचारायला आली, की वर चढायच्या पायऱ्या इतक्या उंच का, तर तिलाही "बघू या हं अक्का, सरी," म्हणून त्यांनी वाटेला लावलं.

आणि मग तो सोमवार उजाडला. नरसिंहराव फाटकातून आत येतात तो शेडमधून आरडाओरडा ऐकू आला. देवाप्पाने शनिवारी भिंतीच्या चौकटीत तिरकी सागवानी फळी ठोकून ती मजबूत केली होती. मधुकरने सकाळी लवकर येऊन, आपल्या उचलत्या भिंतीच्या आड येते म्हणून तीच फळी मधोमध कापायला लावली होती. देवाप्पा त्या कापलेल्या फळीकडे असा बघत होता, जणू कुणी त्याच्या बैलाचा पाय मोडला आहे.

"कुनाला इचारून कापली?"

"अण्णांनी सांगितलंय!" मधुकर म्हणाला.

"अण्णांनी मला सांगितलंय, भिंत कापायची न्हाई म्हणून!"

"शक्यच नाही. मला ते छान म्हणाले."

"मला म्हणालं, तुम्ही म्हणता तसंच!"

मग दोघंही थांबले. एकमेकांकडे बघितलं. आणि दोघांनीही एकाच वेळी मान वळवून दारात उभ्या असलेल्या नरसिंहरावांकडे पाहिलं. शेडमधले सगळेच त्यांच्याकडे बघू लागले. रंगारी ब्रश हातात धरून थांबला. गंगव्वाचं यंत्र थांबलं. नरसिंहरावांच्या तोंडून सवयीने 'सरी' यायला लागलं आणि ते त्यांनी कसंबसं गिळलं.

देवाप्पाने हातोडी बाकावर ठेवली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि तो आवारातल्या चिंचेखाली जाऊन बसला. मधुकर आपल्या टेबलाशी गेला आणि उगाचच पेन्सिलला टोक काढत राहिला.

नरसिंहराव घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. दोघांना वेगळं केलं. मधुकरने टेबलाशी बसून नकाशे काढायचे, देवाप्पाने नकाशात असेल ते बांधायचं. एकमेकांशी बोलायचं कारणच नाही. भिंत उचलायची की नाही, ते पुढे बघू. शेडमध्ये अशी शांतता पसरली की विश्वासराव एकदा चक्कर मारून म्हणाले, "वा! काम कसं शिस्तीत चाललंय!"

त्या शिस्तीची फळं लवकरच दिसली. मागचा दरवाजा बसवून झाला. मधुकरने मोठ्या हौसेने तो उघडला, आणि तो अर्ध्यावरच औषधांच्या कपाटावर जाऊन थडकला. पुन्हा ओढला, पुन्हा धाडकन. कपाट नकाशात होतं, दरवाजाही नकाशात होता, पण दोन वेगवेगळ्या कागदांवर.

"मेस्त्री, बसवताना तुमच्या लक्षात आलं नाही?" नरसिंहरावांनी विचारलं.

"आलं की."

"मग?"

"मला कोन इचारतंय?" देवाप्पा शांतपणे म्हणाला. "कागदावर हुतं, केलं."

मधुकरचा चेहरा पडला. पण थोड्या वेळाने तोही येऊन म्हणाला, की त्या अंधाऱ्या खोलीत उन्हाळ्यात माणूस भाजून निघेल, हे त्याला आठवड्यापूर्वीच सुचलं होतं आणि त्यावर उपायही होता. पण नव्या कल्पना कुणाला नकोच आहेत, तर कशाला बोला?

त्या संध्याकाळी नरसिंहराव घरी गेले नाहीत लगेच. जुन्या सवयीने स्टोअरमध्ये जाऊन बसले. तिथे त्यांना बरं वाटायचं. भिंतीवर रंधे, पटाशा, कानशी, करवती आपापल्या खुंट्यांवर लटकत होत्या. इतकी वर्षं त्यांनी ही हत्यारं माणसांच्या हातात दिली होती. करवतीने कधी रंध्याशी भांडण केलं नव्हतं. पण एकाच फळीवर एकाच वेळी करवत आणि रंधा चालवायला कुणी मागतही नव्हतं. करवतीची वेळ झाली की करवत, रंध्याची झाली की रंधा. नरसिंहराव बराच वेळ त्या खुंट्यांकडे बघत राहिले. आपण स्टोअरमध्ये जे रोज करत होतो, ते केबिनमध्ये गेल्यापासून सोडून दिलं, असं त्यांना वाटलं. मागेल त्याला मागेल तेव्हा देत सुटलो.

दुसऱ्या दिवशी ते चिंचेखाली देवाप्पाशेजारी जाऊन बसले. त्यांनी त्याला एक प्रश्न विचारला, जो याआधी कधीच विचारला नव्हता.

"मेस्त्री, तुम्ही प्रत्येक गोष्टीला आधी नाही का म्हणता?"

देवाप्पाने तंबाखू मळायची थांबवली. "आमच्याकडच्या घाटात एक बस उलटली हुती, अण्णा. मी तवा शिकत हुतो सुतारकी. गाडी फार खोल गेली न्हाई. पर छप्पर असं बसलं, जसा पापड. माझा थोरला भाऊ त्यात हुता. वाचला, पर पाय गेला. ती बॉडी ज्यानं बांधली, त्यो माणूस चांगला हुता. त्याला कुनी न्हाई म्हणालं न्हवतं, एवढंच."

नरसिंहराव म्हणाले, "तुमचं नाही मला हवं आहे, मेस्त्री. फक्त ते कधी हवं, ते मी सांगीन. चालेल?"

"बगू," देवाप्पा म्हणाला. त्याच्या मानाने हा मोठाच होकार होता.

मधुकरकडेही ते गेले. "तुझ्या कल्पना मला हव्या आहेत. पण लाकूड कापल्यावर सुचलेली कल्पना माझ्या काय कामाची? लाकूड कापायच्या आधी सगळ्या दे. अगदी वेड्यावाकड्यासुद्धा."

"आणि देवाप्पा?"

"देवाप्पा गप्प बसेल."

मधुकर हसला. "हे मला बघायचंच आहे."

शुक्रवारी सकाळी नरसिंहरावांनी शेडमधली एक बाजू झाडून घेतली आणि स्वतः खडू घेऊन जमिनीवर गुडघे टेकले. गाडी जेवढी लांब, तेवढी रेघ. जेवढी रुंद, तेवढी दुसरी. मधुकर माप धरत होता, देवाप्पा रेघ सरळ आहे का ते बघत होता. थोड्या वेळात जमिनीवर अख्खी गाडी उभी, म्हणजे आडवी, राहिली. मग नरसिंहरावांनी दोघांना आणि गंगव्वाला त्या रेघांच्या आत बोलावून स्टुलांवर बसवलं.

"आता ऐका," ते म्हणाले. "चहा येईपर्यंत फक्त काय काय होऊ शकेल तेवढंच बोलायचं. कुणी नाही म्हणायचं नाही. चहानंतर फक्त काय मोडेल, काय अडेल, ते बोलायचं. तेव्हा कुणी आपल्या कल्पनेची बाजू घ्यायची नाही. शेवटी मी ठरवीन. आणि मी ठरवलेलं सगळ्यांसमोर सांगीन, एकेकट्याला नाही."

देवाप्पाने हे ऐकून घेतलं, खिशातून पानाची पुडी काढली आणि मोठं पान तोंडात कोंबून गाल फुगवून बसला. तोंड भरलेलं असलं की 'हुनार न्हाई' बाहेर पडणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

मधुकर सुटला. उचलती भिंत, छपरावर पाण्याची टाकी, अंधाऱ्या खोलीला दुहेरी छप्पर आणि मधून वारा, बाकांच्या आत सामानाच्या पेट्या. एकेका कल्पनेला देवाप्पाचे डोळे मोठे होत होते आणि पान जोरजोरात चावलं जात होतं. पाण्याच्या टाकीला तर त्याला ठसकाच लागला, आणि गंगव्वाने त्याच्या पाठीवर थोपटलं.

बोलता बोलता मधुकर थांबला, कारण गंगव्वा उठली होती. ती खडूच्या गाडीबाहेर गेली, पदर डोळ्यांवरून ओढून घेतला आणि हात पुढे धरून म्हणाली, "मी मोतीबिंदूवाली म्हातारी. मला वर घ्या."

मग मधुकरने पुढे होऊन तिचा हात धरला. "इथून अक्का, इथे पायरी."

"केवढी उंच?"

मधुकरने एक खोकं आणून ठेवलं. गंगव्वाने पाय उचलला, लुगड्याचा घोळ अडकला, तोल गेला. मधुकरने सावरलं. आत आल्यावर तिने चाचपडत भिंत शोधली. "धरायला काय हाय? काय नाही." दोन पावलं टाकली. "डाक्टरबाई कुठं? आवाज द्या की." ती सरळ जाऊन औषधांच्या कपाटावर, म्हणजे कपाटाच्या रेघेवर, आदळली, आणि तिने पदर वर केला. "माझी आई आशीच फिरायची घरात," ती म्हणाली. "शेवटची धा वरसं."

मधुकरने तोवर कागदावर काहीतरी खरडायला सुरुवात केली होती. ठेंगण्या, खाली उतरणाऱ्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना कठडा. कठड्यावर हाताला कळावा म्हणून गुंडाळलेला दोर. त्याच्या डोळ्यांत आधीच्या कुठल्याही कल्पनेच्या वेळेपेक्षा जास्त चमक होती.

चहा आला. चहा संपला. नरसिंहराव म्हणाले, "मेस्त्री, तुमची वेळ."

चहासुद्धा न घेता पान तोंडात धरून बसलेला देवाप्पा बाहेर जाऊन ते थुंकून आला आणि बोलायला लागला. तो बोलतच राहिला. टाकी छपरावर नको, गाडी डोक्यावर जड होईल. बाकांतल्या पेट्या चालतील. दुहेरी छप्पर चालेल, पर वजन हलकं ठेवा. मधुकर पेन्सिल दातांत धरून ऐकत होता. तीन वेळा त्याने तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा नरसिंहरावांनी नुसतं बोट वर केलं.

"आणि भिंत?" नरसिंहरावांनी विचारलं.

"भिंत न्हाई. खांब कापायचा न्हाई. दोन खांबांच्या मधली जागा उघडा की हवी तेवढी, खांब तेवढं ऱ्हाऊ द्या. पर त्यात काय, एवढ्याशा खिडकीसारखं छप्पर निघंल. त्याचा काय उपेग?"

मधुकरच्या दातांतून पेन्सिल पडली. "एक नाही निघणार, मेस्त्री! दोन खांबांमध्ये एक, पुढच्या दोहोंमध्ये दुसरं, अशी सगळी! ओळीने! खांब जसेच्या तसे!"

"बाजू घ्यायची न्हाई आत्ता," देवाप्पाने त्याला आठवण करून दिली.

"मी बाजू तुमचीच घेतोय!"

देवाप्पाने विचार केला. मग जमिनीवर वाकून बोटाने खांबांच्या जागा मोजल्या. "मी हुतंय असं म्हणालो न्हाई," तो पुटपुटला. पण त्याने मधुकरच्या हातातला खडू काढून घेतला आणि खांबांच्या जागी जाड ठिपके काढायला लागला.

नरसिंहरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं: ओळीने छोटी झाकणं, खांब शाबूत, टाकी नाही, औषधांचं कपाट दरवाजाच्या वाटेतून हलवायचं, पायऱ्या गंगव्वा म्हणेल तशा. मधुकरला टाकीचं वाईट वाटलं, आणि एवढी झाकणं म्हणजे एवढ्या बिजागऱ्यांचं काम, म्हणून देवाप्पा कुरकुरला. दोघंही थोडे थोडे नाराज होते. नरसिंहरावांना आश्चर्य याचं वाटलं की ती नाराजी बघूनही त्यांना कुणाला 'सरी' म्हणावंसं वाटत नव्हतं.

काम वेगाने सुरू झालं. रोज सकाळी खडूच्या गाडीत थोडा वेळ बसायचं, हे ठरूनच गेलं. कधीकधी वेळा मोडल्या जात. देवाप्पाच्या तोंडून 'हुनार' निघायचं आणि 'न्हाई' तो गिळायचा. एकदा तर मधुकरच म्हणाला, "हे बहुतेक मोडेल," आणि देवाप्पा म्हणाला, "का मोडंल? करून तर बगू." दोघंही ओशाळून आपापल्या कामाकडे वळले.

गाडी उभी राहिली, रंग वाळत आला, आणि विश्वासराव केबिनमध्ये आले. खुर्ची ओढून प्रसन्नपणे म्हणाले, "नरसिंहराव, ट्रस्टच्या अध्यक्षांना पुढच्या रविवारीच उद्घाटन हवंय. मोठे पाहुणे येतायत. मी देतो म्हणालोय. चालेल ना?"

गाडी अजून रस्त्यावर धावली नव्हती. खड्ड्यांतून, भरल्या वजनाने ती नेऊन आणायची, असं देवाप्पाने सांगितलं होतं आणि नरसिंहरावांनी ते सगळ्यांसमोर ठरवलं होतं. काचेपलीकडून देवाप्पा, मधुकर आणि गंगव्वा तिघंही काम थांबवून बघत होते. आतलं ऐकू येत नसलं तरी विश्वासराव असे खुर्ची ओढून बसले की कुणाला तरी तारीख कबूल करून आलेले असतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

नरसिंहरावांच्या ओठांवर तो शब्द आला. तिथेच घोटाळला. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"नाही," ते म्हणाले.

"काय?"

"पुढच्या रविवारी नाही, साहेब. गाडी आधी रस्त्यावर न्यायची आहे. त्यात काय निघेल ते मला ठाऊक नाही. म्हातारी माणसं चढणार आहेत तिच्यात."

विश्वासराव त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द या माणसाच्या तोंडून ऐकलाच नव्हता, आणि त्यामुळे त्यावर रागवायचं कसं, हेही त्यांना सुचेना. "मी शब्द दिलाय हो," ते म्हणाले.

"मी येतो तुमच्याबरोबर, अध्यक्षांना सांगायला. मी सांगतो."

आणि ते गेलेही. अध्यक्ष थोडे फुरंगटले. पण शेजारी बसलेल्या अहल्याबाई म्हणाल्या, "माझे रोगी पडण्यापेक्षा तुमचे पाहुणे थांबलेले बरे," आणि विषय मिटला. परतताना मोटारीत विश्वासराव म्हणाले, "तुम्ही नाही म्हणता तेव्हा बरंच खरं वाटतं बुवा." नरसिंहरावांनी घरी जाऊन हे सत्यवतीबाईंना सांगितलं, तर त्यांनी तव्यावरचा डोसा उलटायचा सोडून विचारलं, "खरंच म्हणालात? मोठ्याने?"

चाचणीच्या दिवशी गाडीत वाळूची पोती भरली, आणि रोगी म्हणून कारखान्यातलीच माणसं बसली. के. आर. पुरमपर्यंत रस्ता बरा होता. रेल्वेचे रूळ ओलांडून व्हाइटफील्डच्या बाजूला वळल्यावर मात्र लाल मातीचा कच्चा रस्ता लागला. देवाप्पा पुढे बसून प्रत्येक खड्ड्याला कान लावून चौकटीचा आवाज ऐकत होता. मधुकर मागे उभा राहून झाकणांच्या कड्या तपासत होता. कुठेतरी काहीतरी मोडणार, अशी देवाप्पाची खात्री होती. काहीही मोडणार नाही, अशी मधुकरची. गाडी खडखडत, डुलत, शाबूत चालत राहिली.

एका वडाखाली ती थांबवली. देवाप्पाने उतरून दार उघडलं आणि तो मागेच सरला. आतून लाल ढग बाहेर आला. ढगामागून माणसं उतरू लागली, भुवयांपर्यंत लाल, पापण्या लाल, मिशा लाल. गंगव्वा पायऱ्यांवरून कठडा धरून खाली आली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "आरं, हा डोळ्यांचा दवाखाना की डोळं घालवायचा?"

पहिल्यांदा देवाप्पा हसला. असा हसला की त्याला चाकाला धरून बसावं लागलं. मग मधुकर, मग सगळेच. चौकट मोडली नव्हती, बिजागऱ्या निखळल्या नव्हत्या. प्रत्येक झाकणाच्या फटीतून धूळ मात्र खुशाल आत आली होती, आणि ती आधी ना काय मोडेल ते बघणाऱ्याला दिसली होती, ना नवं सुचवणाऱ्याला, ना नरसिंहरावांना.

"सुचलं नाही बघा कुणालाच," नरसिंहराव डोळे पुसत म्हणाले.

त्यांनी झाकणं उघडून सावली केली आणि तिच्यात बसून सगळ्यांनी घरून आणलेला चित्रान्नाचा भात आणि भाकऱ्या खाल्ल्या. खाता खाताच बोलणं सुरू झालं. कुणी वेळा ठरवून दिल्या नव्हत्या. गंगव्वा म्हणाली, झाकणांच्या कडेला लोकरीच्या कापडाची जाड पट्टी शिवता येईल. मधुकरने पट्टी आत दाबून बसेल अशी पन्हाळ सुचवली. देवाप्पा म्हणाला, पावसात ती पट्टी भिजून फुगंल आणि झाकण उघडणार न्हाई. आणि मग स्वतःच, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, पट्टीवर मेणकापड चढवायचं म्हणाला.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारी काठी टेकत आली. डोळ्यांची गाडी येणार हे तिच्या कानावर आलं होतं, त्यामुळे सावली बघून तिला वाटलं, दवाखाना सुरू झाला. नरसिंहरावांनी कन्नडमध्ये तिला समजावलं, की आजी, डॉक्टरबाई अजून आल्या नाहीत, पुढच्या महिन्यात येतील. ती म्हणाली, बरं, मग आत कसं आहे ते तरी बघू द्या. दोर गुंडाळलेल्या कठड्याला हात लावून ती कुणाच्याही मदतीशिवाय वर चढली, बाकावर बसली, गादी दाबून पाहिली आणि तिथेच थोडा वेळ विसावली. देवाप्पा आणि मधुकर खाली शेजारी शेजारी उभे राहून तिच्याकडे बघत होते.

गाडी पुढच्या महिन्यात गेली. उद्घाटनाला हार होते, भाषणं होती, आणि अध्यक्षांनी विश्वासरावांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. नरसिंहराव मागच्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. भाषणं संपल्यावर अहल्याबाई त्यांना शोधत आल्या. अशीच आणखी एक गाडी हवी होती, दातांच्या दवाखान्याची. "पण यात पाण्याची व्यवस्था लागेल हं," त्या म्हणाल्या. "टाकी कुठे ठेवायची, ते तुम्ही ठरवा."

सोमवारी सकाळी नरसिंहराव कारखान्यात आले, तेव्हा शेडमधून आवाज येत होते. मधुकर सांगत होता की आता तरी टाकी छपरावर घ्यावीच लागेल, आणि देवाप्पा म्हणत होता की त्याच्या जिवात जीव असेपर्यंत ती छपरावर जाणार न्हाई. गंगव्वा मध्येच विचारत होती, की दात दुखणाऱ्याला चूळ भरायला किती वाकावं लागेल. नरसिंहरावांनी कोट खुंटीला लावला, कॉफी मागवली, आणि खडू शोधायला ते स्टोअरकडे निघाले. घाई नव्हती. आत चांगलं चाललं होतं.